जुने घर घेण्याआधी छत तपासून घेताना : लातूरमधील एका तपासणी सेवेविषयी

मराठवाड्यात जुने घर विकत घेताना आपण मालमत्ता पत्रक पाहतो, बँकेचा बोजा आहे का ते विचारतो, बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकते का याची शेजारीपाजारी चौकशी करतो; छत मात्र खोलीत उभे राहून, मान वर करून पाहिले की पाहून झाले असे समजतो. लातूर शहरात आमच्या कुटुंबाने एक जुने घर घ्यायचे ठरवले, तेव्हा एका स्थापत्य अभियंत्याच्या घर-तपासणी सेवेकडून संपूर्ण छत तपासून घेतले. सेवा घेण्यासारखी आहे असे माझे मत झाले आहे. परंतु तिच्यातील काही उणिवा गंभीर आहेत, आणि घर घेणाऱ्यांना दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घराचा तळमजला जुना, वरचा मजला २०१६ च्या सुमारास चढवलेला, जिन्यावर पत्रे आणि गच्चीवर पाण्याची टाकी, अशी आपल्याकडच्या असंख्य घरांसारखीच ही वास्तू होती. मालकांनी विक्रीपूर्वी आतून नवा रंग दिला होता आणि गच्चीवर पांढऱ्या रसायनाचा थर मारला होता. तपासणीचे शुल्क साधारण हजार लिटरच्या नव्या टाकीच्या किमतीइतके होते. अभियंता आणि त्यांचा मदतनीस असे दोघे आले, आणि आल्याबरोबर खोल्यांकडे न वळता प्रथम गच्चीवर गेले, ही गोष्ट मला सर्वांत आधी आवडली. खोलीत ओल दिसते त्या जागेच्या बरोबर वर भोक असेल हा समज चुकीचा असतो. कोब्याखाली, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थराखाली, शिरलेले पाणी स्लॅबच्या पृष्ठभागावरून सरकत जाते आणि जिथे भेग, पंख्याच्या हुकाची जागा किंवा विजेची नळी सापडेल तिथे खाली उतरते. त्यामुळे बैठकीच्या खोलीत दिसलेल्या डागाचे मूळ न्हाणीघरावरच्या कोपऱ्यात निघू शकते, आणि आमच्या घरात ते तसेच निघाले.

गच्चीवरचा पहिला दोष ढाळाचा होता. टाकीचा ओटा पाण्याच्या वाटेवर आडवा बांधलेला होता, आणि पन्हळीचे तोंड कोब्याच्या पातळीपेक्षा थोडे वर राहिले होते. शंभर सेंटीमीटरला निदान एक सेंटीमीटर उतार असावा असा ढोबळ नियम आहे. इथे ओट्यामागच्या भागात उतार उलटाच पडला होता. मराठवाड्याचा पाऊस थोडका असला, तरी तो दिवसांवर सारखा वाटून पडत नाही. आठवडेच्या आठवडे कोरडे जातात, तेवढ्यात धूळ, पाला आणि प्लॅस्टिक पन्हळीच्या तोंडाशी साचते, आणि मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात इतके पाणी कोसळते की अरुंद नळीतून ते जाऊच शकत नाही. चार इंची नळीच्या जागी दोन इंची बसवण्याची काटकसर अशा वेळी अंगाशी येते.

मालकांची परवानगी घेऊन पन्हळीची तोंडे बंद करून गच्चीवर पाणी साठवण्यात आले आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले. या एका चाचणीसाठी सेवेला मी सर्वाधिक श्रेय देतो. तापमान दाखवणारा कॅमेरा आणि ओलावा मोजण्याचे यंत्र ही साधने त्यांच्याकडे होती, पण त्यांच्यावरच विसंबून त्यांनी निष्कर्ष काढला नाही. तो कॅमेरा ओल पाहत नसतो, केवळ पृष्ठभागाच्या तापमानातला फरक पाहतो. त्यामुळे तापलेली नळी किंवा पोकळ गिलावादेखील त्याच्यात संशयास्पद दिसू शकतो. पाणी साठवल्यावर मात्र नव्या रंगाखालचा जुना डाग दुसऱ्या दिवशी ओलावा-मापकात स्पष्ट उमटला, आणि कोपऱ्यात बोट लावले तरी गारवा जाणवू लागला.

पाणी शिरत होते ते कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उघडा स्लॅब हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापतो. दहा मीटर लांबीच्या काँक्रीटमध्ये तीस अंशांचा फरक पडला की त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटरने बदलते. स्लॅब असा रोज पसरतो आणि आकसतो, विटांचा कठडा त्याच्याबरोबर तसा हलत नाही, आणि दोघांमधल्या गिलाव्याला आडवी भेग पडते. या सांध्याचा कोपरा सिमेंटने भरून गोलाकार वाटा काढून जलरोधक थर कठड्यावर किमान वीतभर वर चढवायला हवा असतो. इथे पांढरे रसायन कोब्यावर चोपडून कठड्याच्या पायाशीच थांबवले होते. अभियंत्यांनी त्या थराची एक पट्टी मालकांसमोरच खरवडून दाखवली, तेव्हा खाली जुन्या भेगा जशाच्या तशा होत्या. विक्रीच्या तोंडावर मारलेला असा थर ज्यांना दिसेल, त्यांनी तो केव्हा आणि कशासाठी मारला हे अवश्य विचारावे.

चारही कोपऱ्यांत खांबांच्या सळ्या वर काढून ठेवलेल्या होत्या. पुढेमागे मुलासाठी आणखी एक मजला चढवू, या आशेने आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरावर या सळ्या असतात, आणि त्या आशेविषयी मला आदरच आहे. परंतु उघड्या सळीवर पाऊस पडतो, गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापत असल्यामुळे खांबाचे डोके आतून फुटू लागते. मग त्याच भेगेतून पाणी खाली झिरपते. सळ्यांना सिमेंटचा घोळ लावून त्यांच्याभोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा भरून ठेवला, तर पुढे तो सहज फोडता येतो आणि तोवर लोखंड टिकते. हा उपाय अहवालात आकृतीसह दिला होता. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गच्चीवर अशा सळ्या उघड्या असतील, त्यांनी निदान एवढे काम येत्या पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

वरच्या मजल्याच्या स्लॅबला खालून हातोडीने ठोकून पाहिले, तेव्हा दोन ठिकाणी पोकळ आवाज आला. तिथला गिलावा काढल्यावर सळई इतकी पृष्ठभागाजवळ होती की काँक्रीटचे आवरण बोटाच्या नखाएवढेही भरले नसते. सौम्य हवामानातदेखील भारतीय मानकानुसार सळईवर २० मिलिमीटर आवरण अपेक्षित आहे. फोडलेल्या जागी फेनॉफ्थॅलीनचे द्रावण फवारल्यावर निरोगी काँक्रीट गुलाबी होते. आमच्याकडे सळईपर्यंतचा भाग बिनरंगीच राहिला. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता घटली आहे आणि सळईचे गंजापासूनचे संरक्षण गेले आहे, असा त्याचा अर्थ.

त्याच वेळी अभियंत्यांनी मालकांना विचारले, “काका, हा मजला कुठल्या साली चढवला?” वर्ष ऐकल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, “पाणी कुठून आणलं असेल तुम्ही तेव्हा?” २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, आणि कोरड्या व उष्ण हवेत किमान दहा दिवस ओलावा द्यावा लागतो. ज्या शहरात पिण्याच्या घागरीसाठी रांगा होत्या, तिथे स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे कुणाला परवडणार होते? ज्यांनी त्या काळात घर बांधले त्यांना मी दोष देणार नाही. मात्र लातूर परिसरात टंचाईच्या वर्षांत बांधलेले घर घेत असाल, तर स्लॅबच्या खालच्या बाजूची तपासणी टाळू नका. रिबाउंड हॅमरचे आकडेही अहवालात आहेत. पण ते यंत्र केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते आणि ताकदीच्या अंदाजात पंचवीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. हे अभियंत्यांनी आपणहून सांगितले, याची मी नोंद घेतो.

जिन्यावरच्या पत्र्यांत हुकांची भोके वाढली होती आणि रबरी वायसर वाळून चिरले होते; वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवले होते. ही दुरुस्ती किरकोळ आहे. छज्जांना खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नव्हती, त्यामुळे खिडक्यांवरच्या भिंती ओल्या राहत होत्या.

आता उणिवांकडे वळतो. अहवाल पूर्ण इंग्रजीत होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभराची बचत या घरात घातली, आणि त्या घराविषयीचा कागद त्यांना स्वतः वाचता येऊ नये, हे मला मान्य नाही. छायाचित्रे उत्तम होती, परंतु कोणते काम तातडीचे आणि कोणते दोन वर्षे थांबू शकेल, हे आम्हाला पुन्हा फोन करून विचारावे लागले. याहून गंभीर बाब म्हणजे अहवालासोबत जलरोधक काम करणाऱ्या एका ठेकेदाराचे माहितीपत्रक जोडलेले होते. ज्याने दोष शोधायचा त्यानेच दुरुस्ती कुणाकडून करावी हे सुचवले, तर अहवालातील प्रत्येक वाक्यावर संशय येतो. या सेवेचे निष्कर्ष मला खरे वाटले, तरीही ही पद्धत तिने बंद करावी.

आणखी एक अपेक्षा होती. औसा तालुक्यातील आमच्या गावच्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या, घराविषयीही मी सल्ला मागितला होता. तिथे त्यांनी फेरी मारली आणि एका ओळीत ‘पाडून टाकावे’ असा शेरा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड छते यांनी हजारो माणसे गाडली. त्यामुळे माळवदाविषयीची ती भीती मी समजू शकतो. पण तपासणी म्हणजे भीतीचा शेरा नव्हे. दरवर्षी गळती थांबवण्यासाठी वर मातीचा थर घालत गेल्याने किती वजन वाढले आहे, तुळया आणि सरे भिंतीत जिथे टेकतात तिथे वाळवी लागली आहे का, सऱ्यांवर पसरलेल्या लाकडी काटक्यांच्या थराचा, म्हणजे किलचनाचा, कोणता भाग खाली झुकला आहे, खांबांवर वजन येते की मातीत रचलेल्या भिंतींवर, हे प्रश्न तरी विचारायला हवे होते. त्या घरात अजून आमचे काका-काकू राहतात, आणि त्यांना यंदाच्या पावसाळ्यात कोणत्या खोलीत झोपावे एवढे तरी सांगता आले असते. मराठवाड्यातील कोणत्याही छत-तपासणी सेवेला माळवद वाचता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शहरातील घराचा व्यवहार आम्ही मोडला नाही. अहवालातील सांधा, खांब आणि स्लॅबची खालची बाजू ही तीन कामे स्वतंत्र गवंड्याकडून मोजून घेतली, तो खर्च मालकांसमोर मांडला आणि त्यांनी किमतीत समजूतदारपणे सूट दिली.

ज्यांना ही किंवा अशी सेवा घ्यायची असेल, त्यांनी पाणी साठवण्याची चाचणी शुल्कात धरली आहे का, अहवाल मराठीत मिळेल का, आणि दुरुस्तीनंतरची दुसरी भेट वेगळ्या पैशांत धरली जाणार का, हे आधी लेखी घ्यावे. तपासणीची वेळ साधता आली तर भाद्रपदाच्या सुमारास साधावी, कारण तेव्हा स्लॅबने पावसाळ्याचे पाणी पिऊन झालेले असते आणि लपवलेली ओल बाहेर येते.