क्रमाचा पुरावा खरा होता, तरी पैसे गेले

दिवाळीनंतर मी एका नव्या लेयर-टू साखळीवर (इथेरियम या ब्लॉकचेनच्या आधाराने चालणारं वेगळं जाळं) दोन लाखांचं इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, देऊन एक टोकन (दुसरं क्रिप्टो नाणं) घेतलं. त्यांची जाहिरात होती, 'प्रत्येक व्यवहाराच्या रास्त क्रमाचा क्रिप्टोग्राफिक पुरावा'. इथेरियमवर चालणारी सँडविच लूट, म्हणजे आपल्या खरेदीच्या आगेमागे स्वतःचे व्यवहार लावून मधला नफा खाणं, मला ठाऊक होती, म्हणूनच इकडे वळलो. त्याच भरवशावर स्लिपेज, म्हणजे दिसलेल्या भावापेक्षा किती वाईट भाव चालेल ती मर्यादा, 3 टक्के ठेवलं.

टोकन हाती आले ते जवळजवळ सहा हजारांनी कमी. भाव हलला असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या जाहीर नोंदवहीतलं ते पान, उघडून बघितला. माझ्या ओळीच्या लगेच वर एका पत्त्याने (क्रिप्टो खात्याने) तेच टोकन घेतलेलं, लगेच खाली त्याच पत्त्याने विकलेलं. त्याच्या खरेदीने भाव चढला, चढ्या भावात मी घेतलं, माझ्यामुळे आणखी चढलेल्या भावात तो विकून मोकळा. तिन्ही वेळा पत्ता तोच. आणि तिन्ही ठिकाणी पुराव्याची हिरवी खूण!

पुरावा खोटा नव्हता, हे कळायला मला दोन आठवडे लागले. सिक्वेन्सरने, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणाऱ्या यंत्रणेने, ज्या क्रमावर सही केली त्याच क्रमाने व्यवहार झाले, एवढंच तो सिद्ध करत होता. सही होण्याआधी माझा व्यवहार सिक्वेन्सरला उघडा दिसत होता, आणि सिक्वेन्सर एकच, कंपनीचा. रांगेचं रजिस्टर त्यांच्याच हाती. त्यांच्याकडून कळल्याशिवाय बाहेरच्या कोणाला माझा व्यवहार आधी दिसणं कठीण होतं.

खरी राखण बंद लिफाफ्यातल्या निविदेसारखी असते: व्यवहार कूटबद्ध होऊन येतो, क्रम ठरतो, मगच तो उघडतो, आणि उघडायची किल्ली अनेकांत वाटलेली असते. दुसरी वाट 2020 च्या 'एक्विटास' संशोधनातली. बहुसंख्य नोड्सना, म्हणजे साखळी चालवणाऱ्या संगणकांना, जो व्यवहार आधी मिळाला, तो मागे ढकलता येत नाही. तिथेही अ हा ब च्या आधी, ब हा क च्या आधी आणि क पुन्हा अ च्या आधी, असं चक्र पडू शकतं. मग ते सगळे एकाच गटात धरावे लागतात. म्हणून 'शंभर टक्के रास्त क्रम' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर तिथेच थांबा.

कंपनीने उत्तर दिलेलं नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. हा तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातून वजाही होत नाही, आयकराचा नियमच तसा आहे.

तुमचे पैसे अशा साखळीवर असतील तर आजच आपला ब्लॉक उघडा, वरची आणि खालची ओळ बघा. पत्ता एकच निघाला तर शिल्लक आधी बाहेर काढा, जाब नंतर विचारा.