कॉट्सवोल्ड्समधील एका गावपबात रविवारचे जेवण

इंग्लंडच्या खेड्यातला पब जोखायचा असेल, तर तो रविवारच्या रोस्टवरून, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणावरून, जोखावा, असे माझे मत आहे. आठवड्यातील इतर दिवशी तळलेला मासा, पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) किंवा बर्गर यांवर निभावून नेता येते. रोस्टमध्ये मात्र मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही एकाच वेळी गरमागरम ताटात यावी लागतात आणि तेथे स्वयंपाकघराला काहीच लपवता येत नाही. इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड्स या डोंगराळ ग्रामीण भागात विंडरश नदीच्या खोऱ्यातील ज्या जुन्या पबात आम्ही दुपारी जेवलो, तो या कसोटीला बहुतांशी उतरला.

मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची इमारत, डोके सांभाळून वावरावे लागेल इतक्या ठेंगण्या तुळया आणि शेकोटीपुढे पसरलेला कोणाचा तरी कुत्रा, हे सर्व अपेक्षेप्रमाणेच होते. नव्या पाहुण्याने लक्षात ठेवावी ती येथील रीत: टेबलापाशी मागणी घ्यायला कोणी येत नाही; आपण टेबलाचा क्रमांक पाहून ठेवायचा, बारपाशी जाऊन जेवण सांगायचे आणि तेथेच पैसे भरायचे. बारपुढे रांग दिसत नसली, तरी कोण आधी आले याची नोंद बारमागची व्यक्ती मनात ठेवते, म्हणून हात हलवून किंवा हाक मारून लक्ष वेधणे तेथे उद्धटपणाचे समजले जाते.

आम्ही लॅम्बचा, म्हणजे कोकराच्या मांसाचा, रोस्ट मागवला. मांसाचे काप आतून गुलाबी, रसाळ आणि सुरीला सहज दाद देणारे होते. सोबत व्हिनेगर, साखर व बारीक चिरलेला पुदिना यांचा मिंट सॉस होता. त्याचा आंबटपणा लॅम्बच्या चरबीचा जडपणा नेमका कापतो. बटाटे तर मला मांसाहूनही सरस वाटले. ते आधी अर्धे उकडून, कडा खरबरीत करून, मग कडकडीत तापलेल्या चरबीत टाकून ओव्हनमध्ये भाजतात, त्यामुळे बाहेरून कुरकुरीत कवच आणि आत लोण्यासारखा गर अशी दुहेरी चव मिळते. पार्सनिप या गाजरासारख्या पांढरट कंदाचा भाजल्यावर वाढणारा गोडवाही सुरेख उतरला होता. कोबी मात्र इतका शिजवला होता की त्याचा रंग, चव आणि दात लागण्याजोगा ताठपणा तिन्ही गेले होते, आणि एवढ्या चांगल्या ताटात हा निष्काळजीपणा खटकला.

यॉर्कशायर पुडिंग हे नाव ऐकून गोड पदार्थाची अपेक्षा ठेवू नये. अंडी, मैदा आणि दूध यांचे पातळ मिश्रण तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये फुलवलेला हा पोकळ, खारा पाव असतो आणि त्याच्या खळग्यात ग्रेव्ही साठवून खायची असते. परंपरेने तो गोमांसाच्या रोस्टसोबत देतात, पण आता बरेच पब प्रत्येक रोस्टसोबत देतात. येथील पुडिंग उंच, तांबूस आणि काठाला खुसखुशीत होते.

शाकाहारी वाचकांनी येथे विशेष सावध राहावे. यॉर्कशायर पुडिंग आणि भाजलेले बटाटे अनेक स्वयंपाकघरांत गाईच्या किंवा बदकाच्या चरबीत केले जातात, साधी ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते आणि पारंपरिक वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. आमच्यातील शाकाहारी मैत्रिणीने विचारल्यावर तिला वेगळी ग्रेव्ही आणि तेलात भाजलेले बटाटे मिळाले, ही गोष्ट निश्चितच कौतुकाची. परंतु तिचा सुक्यामेव्याचा नट रोस्ट कोरडा व भुसभुशीत होता. मांसाहारी ताटामागे दिसलेली मेहनत त्यात दिसली नाही, आणि पैसे जवळपास तितकेच घेतले.

कास्क एल, म्हणजे पिंपातून थेट दिली जाणारी पारंपरिक बिअर, ही येथील खरी प्रतिष्ठेची बिअर. पिंपात तिचे दुसऱ्यांदा किण्वन होते, बाहेरून वायू न मिसळता ती हँडपंपाने वर ओढली जाते आणि तळघरात सुमारे 11 ते 13 अंश सेल्सिअसला ठेवली जाते, म्हणून ती बर्फगार नसते. पण कोमटही नसावी. पिंप उघडल्यावर साधारण तीन दिवसांत संपवावे लागते, तेव्हा तिची चव म्हणजे तळघर सांभाळणाऱ्याच्या काळजीचीच परीक्षा. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही संस्था 1971 पासून याच बिअरच्या जतनासाठी काम करते. आम्हाला मिळालेली बिटर ही कडवट एल ताजी, स्वच्छ आणि माल्टच्या सौम्य गोडव्याची होती. संपूर्ण पाइंट 568 मिलिलिटरचा असतो, म्हणून जेवणासोबत अर्धा पाइंट पुरेसा आहे. काही एल नितळ करण्यासाठी माशापासून केलेले आयझिनग्लास वापरतात, हेही शाकाहारींनी विचारून घ्यावे.

खजुराच्या केकवर गरम टॉफी सॉस ओतलेले स्टिकी टॉफी पुडिंग उत्तम होते, पण एक दोघांत पुरते. रोस्ट, पुडिंग आणि पेय मिळून माणशी सुमारे 30 पौंड झाले. बिलात सेवाशुल्क नव्हते आणि बारपाशी मागणी केल्यावर टिपेची अपेक्षाही नसते. ताट यायला बराच वेळ लागला, तरी गर्दी पाहता त्याबद्दल माझी तक्रार नाही. टेबल मात्र आधी राखून ठेवावे आणि स्वयंपाकघराची वेळ विचारून घ्यावी, कारण बार रात्रीपर्यंत उघडा असला, तरी रविवारचा रोस्ट दुपार सरता सरता संपतो. या भागातील खेड्यांत रविवारी बस विरळ असल्याने बहुतेक जण गाडीने येतात. गाडी चालवणाऱ्याने एल्डरफ्लॉवर या फुलांचे थंड पेय मागवावे, ते लॅम्बसोबत चांगले जाते.