तांदळात पाला घालावा की बोरिक?

आमच्या सोलापुरात रोजची भाकरी ज्वारीची, त्यामुळे वीस किलो तांदूळ कोठीत सहज पाच-सहा महिने पडून राहतो. पावसाळा लागला की टोके हजर.

आई सावलीत कडकडीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालायची. ओलसर राहिला तर बुरशी धरते, एकदा भोगलंय. पाल्याचा वास किड्यांना नकोसा. पण टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालते, तिथवर पाला कसला पोचतोय! म्हणजे स्वच्छ तांदळाला ठीक, आधीच लागलेल्याला उपयोग नाही.

बोरिक पावडर चोळलेला तांदूळ जास्त टिकतो, हे कबूल. पण ती पोटात जाण्याजोगी नाही. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावं लागतं, आणि सकाळी डब्याच्या घाईत पाणी मोजतंय कोण? घरात लहान मूल असेल तर मी नाहीच म्हणेन.

मी पालाच घालते. फक्त नवा तांदूळ आधी थोडाथोडा करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, अंडी तिथेच मरतात. बाहेर काढल्यावर गारवा उतरेपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दाण्यांना ओल धरते. आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात तांदूळ वाळवू नका, दाणा तडकून नुसती कणी होते.