सात महिने, साडेसहाशेचा पॅड आणि ती मेली मशाल

घोस्ट्स एन गॉब्लिन्स म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कॅपकॉम कंपनीचा १९८५ चा व्हिडिओ गेम, चिलखतातला आर्थर, एक फटका बसला की नुसत्या चड्डीवर, दुसरा बसला की हाडांचा ढीग. एवढं ज्याला माहीत नाही त्याने आधी पहिली लेव्हल खेळून यावं. पाच मिनिटं पुरतात, तेवढ्यात तीनदा मरून होतं. मी हा पीसीवर, कॅपकॉम आर्केड स्टेडियम या जुन्या गेम्सच्या संग्रहातून घेतला, तोही सेल लागेपर्यंत थांबून. त्याला आता सात महिने झाले.

लिहायला बसलो ते मात्र पॅडमुळे, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या बटणांच्या यंत्रामुळे.

पहिले दोन महिने मी ठाम होतो की पॅडचं डावं बटण गंडलंय. उडी मारावी, आपण हवेत असतानाच पुढ्यात जमिनीतून झोंबी वर यावा, मी जीव खाऊन डावीकडे दाबावं आणि आर्थर ढिम्म! सरळ झोंबीच्या मिठीत. साडेसहाशेचा पॅड, सहा महिन्यांची वॉरंटी, सोडतो कशाला? दुकानदार म्हणाला, "वापरून खराब केलाय साहेब." म्हटलं, मग देव्हाऱ्यात ठेवायचा होता का? दोन हेलपाटे झाले, पेट्रोल वेगळंच. तिसऱ्या वेळी लॅपटॉपच उचलून नेला.

मागच्या टेबलावर दुरुस्तीवाला पोरगा बसला होता. त्याने पॅड जोडला, डावीकडे दाबलं, आर्थर मुकाट डावीकडे चालला. "काका, चालतंय की." म्हटलं, आता उडी मारून वळव. त्याने उजवीकडे उडी मारली आणि हवेतच डावीकडे दाबलं. आर्थर उजवीकडेच गेला, झोंबीवर आपटला, चड्डीवर आला. पोराने आणखी दोनदा करून पाहिलं आणि पॅड माझ्या हातात ठेवला. "याची उडी एकदा सुटली की सुटली. गेमच तसा आहे." दुकानदार आमच्याकडे बघत होता. मी काही न बोलता लॅपटॉप पिशवीत घातला.

तर हा माझा पहिला कबुलीजबाब: पॅड ठणठणीत आहे, चूक माझी होती. मारिओच्या सवयीने मी हवेत वळायला बघत होतो. इथे उडी म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, कुठे पडणार ते पाय उचलायच्या आधीच ठरवायचं. हे डोक्यात शिरल्यावर मरणं कमी झालं नाही, पण कशाने मेलो ते कळायला लागलं. हा गेम नुसता दुष्ट आहे असं मी मित्रांना सांगत फिरत होतो, ते शब्द मागे घेतो.

मशालीबद्दलचे मात्र मागे घेणार नाही.

ज्यांनी खेळलाय त्यांच्या तोंडून आत्ताच शिवी निघाली असेल. शत्रू मडकं घेऊन येतो, मडक्यातून हत्यार पडतं, त्याला नुसता पाय लागला तरी ते आपल्या गळ्यात. नको म्हणायची सोय नाही. भाला चांगला, सुरी तर लाखात एक, झपाझप सुटते. आणि मशाल? कमान करून जाते, पुढ्यातल्या बुटक्याच्या डोक्यावरून निघून जाते, जमिनीवर पडून जळत बसते आणि ती विझेपर्यंत पुढची फेकायला खोळंबा. मेलात तरी सुटका नाही, नव्या जीवाबरोबर मशाल हजर. एका रविवारी सुरी घेऊन मी चौथ्या लेव्हलपर्यंत झोकात पोचलो होतो. उडी सुटली, खाली मडकं फुटलं, आणि हवेतून मला दिसत होतं की मी थेट त्या मशालीवर उतरणार आहे. वळता तर येत नाही. बायको आतून म्हणाली, "काय झालं, कोणाचा फोन?"

खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा व्हिडिओ गेम पार्लरमधली नाणी गिळायला केलेला गेम, यात न्याय शोधू नका. दुसरा म्हणतो, सगळं शिकता येतं. त्या लाल उडत्या सैतानाचं, रेड आरिमरचंच घ्या. तो निवांत बसलेला असतो, आपण जवळ गेलो किंवा हत्यार फेकलं की उठतो, आणि फेकलेलं चुकवतो. त्याच्यापायी किती जणांनी गेम सोडला असेल देव जाणे. पण त्याचा दरारा एवढा, की पुढे कॅपकॉमने त्यालाच नायक करून १९९० मध्ये गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर गार्गॉइल्स क्वेस्ट हा गेम काढला. मी दुसऱ्या तटात चाललोय, मशाल सोडून.

वहीत काट मारत गेलो, आजपर्यंत १,१४० वेळा मेलो. नाण्याला तीन जीव धरले तर ३८० नाणी. लहानपणी आमच्या पार्लरमध्ये रुपयाला एक डाव होता आणि मला आठवड्याला दोन रुपये मिळायचे. म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त फक्त हेच. या हिशेबाने सेलमधला गेम फुकटात पडला.

गेम थोडा मागे नेऊन चूक सुधारायची सोय, रिवाइंड, आहे, मी वापरत नाही. खोटं कशाला बोलू, सहाव्या लेव्हलला वापरला. तिथून पुढे शेवटच्या राक्षसासाठी एक ठरावीक हत्यार लागतं, आवृत्तीप्रमाणे क्रॉस किंवा ढाल. ते नसेल तर परत पाचव्या लेव्हलला पाठवतात. माझ्या हातात काय होतं, ते सांगायला नकोच. ते सगळं निस्तरून राक्षस मारला, तर म्हणे हा सैतानाने रचलेला भास होता, आता पहिल्यापासून खेळा, जास्त अवघड करून. हे आधी ऐकून होतो, तरी पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसलो.

सध्या दुसऱ्या फेरीत तिसऱ्या लेव्हलला आहे. घ्यायचा असेल तर सेलमध्येच घ्या, आणि पॅड परत करायला जाऊ नका. परवा त्या दुरुस्तीवाल्या पोराचा मेसेज आला होता, त्यानेही गेम घेतलाय. विचारत होता, "काका, मशाल टाकून कशी द्यायची?"