थंड इंजिनाचा धूर आणि चार स्वस्त साधनं: जुनी गाडी घेणाऱ्यासाठी

जुन्या गाडीचं इंजिन खरं बोलतं ते रात्रभर उभं राहून पहिला सेल्फ मारताना. पाच मिनिटं चालवून ठेवलेली गाडी दुपारी बाराला दाखवली, तर वाल्व सील (वाल्वच्या दांडीवरून ऑइल खाली येऊ न देणारी) कडक झालेत की हेड गॅसकेटमधून (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्रीतून) कूलंट झिरपतंय, हे बाहेरून कळत नाही. विक्रेत्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारा), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), मोबाइलचा बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत घालायचा तारेवरचा कॅमेरा) आणि ब्लॉक टेस्टर (कूलंटमध्ये जळालेला वायू शिरलाय का ते सांगणारा) ही चार साधनं इथे दोनच प्रश्नांवर तपासली आहेत: धुराचं कारण सांगतात का, आणि गाडी अजून दुसऱ्याच्या नावावर असताना वापरता येतात का. दुसऱ्या प्रश्नावरच बहुतेक साधनं अडतात.

ओबीडी अडॅप्टर, म्हणजे बाजारात मिळणारा ईएलएम ३२७ या चिपचा नकली अवतार, हजार रुपयांच्या आत येतो. धूर ओळखण्यात तो कच्चा आहे. ऑइल जळतंय हे त्याला कळत नाही, कारण मिसफायर (सिलिंडरमध्ये जाळ चुकणं) सुरू होईपर्यंत किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) खराब होईपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्याबद्दल कोडच (बिघाडाची नोंद) टाकत नाही. तरीही यादीत पहिला नंबर त्याचाच, कारण तो विक्रेत्याची लबाडी पकडतो. किल्ली ऑनवर ठेवा, इंजिन सुरू करू नका, आणि कूलंटचं व इनटेक हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात. हवा २८ आणि कूलंट ५५ दिसलं, तर गाडी सकाळीच फिरवून आणलेली आहे. धुराची तपासणी दुसऱ्या दिवशी करा. त्यानंतर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ उघडा. तिथे सहा-सात किलोमीटर असले, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. बॅटरीची तार काढली तरी बऱ्याच गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो, त्यामुळे बॅटरी नवी आहे का तेही बघून घ्या. आणखी एक उपयोग म्हणजे इंजिन नीट तापूनही कूलंटचा आकडा ३०-३५ वर अडकला असेल, तर सेन्सर बिघडलाय. ईसीयू इंजिन थंडच समजतो, पेट्रोल जास्त सोडतो आणि काळा धूर येतो. हा बिघाड स्वस्तातला.

घेताना एवढंच सांभाळा: आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला अडॅप्टर चालणार नाही, वायफाय किंवा बीएलईवाला (ब्लूटूथ लो एनर्जी) घ्यावा लागतो. २०१० पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत या अडॅप्टरला काहीच वाचता येत नाही.

बाकीची साधनं हातात घेण्याआधी डोळे आणि नाक वापरा. पावसाळ्यात पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं आणि पाण्याचे थेंब गळणं गोव्यात रोजचंच. ती वाफ दोन-तीन फुटांत विरते. जी विरत नाही, हवेत लोंबकळते आणि गोडसर वासाची असते, ती कूलंटची. निळा धूर ऑइलचा. डिझेलचा पांढरा धूर मात्र डोळ्यांना झोंबतो, कारण ते न जळलेलं डिझेल असतं. तिथे ‘हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा) बदलला की झालं’ असं सर्रास सांगितलं जातं. थंड प्रदेशात हे पटण्यासारखं आहे. पण इथल्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या सकाळी एखादा हीटर प्लग मेला तरी कॉमन रेल डिझेल सहसा कुरकुर न करता सुरू होतं. तरीही ते धूर ओकत असेल, तर आधी संशय गळक्या इंजेक्टरवर आणि उतरलेल्या कॉम्प्रेशनवर घ्या.

कॉम्प्रेशन गेज हे सगळ्यात जुनं साधन, आणि अजूनही सगळ्यात कामाचं. दाबून धरायच्या रबरी टोकाचं घेऊ नका. आटे बसवून फिरवायच्या नळीचं घ्या, १० ते १४ मिमीच्या अडॅप्टरसह. पेट्रोलचं गेज साधारण ३०० पीएसआयपर्यंतचं (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) असतं. डिझेलमध्ये दाब ३५० च्या वर जातो, त्यामुळे ते गेज डिझेलला लावणं म्हणजे काटा मोडून घेणं. पद्धत अशी: स्पार्क प्लगच्या खळग्यातली धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. सगळे प्लग काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि काटा पाच-सहा वेळा उडेपर्यंत सेल्फ मारा. बॅटरी अशक्त असेल तर चारही आकडे खोटे येतील. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १५० ते १८० पीएसआय येतं. पण एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा: १०-१५ टक्क्यांपर्यंत चालतो. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असले, तर त्यांच्यामधलं हेड गॅसकेट उडालंय.

एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तिथलाच तिथे राहिला तर वाल्वची सीट किंवा गॅसकेट. ही ओली चाचणी डिझेलमध्ये करू नका. पिस्टन वर आल्यावर तिथे जागाच इतकी कमी उरते की ऑइल अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आता या गेजची खरी मर्यादा. वाल्व सील गेलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन उत्तम येतं. १७०, १७०, १६५, १७० असे आकडे पाहून गॅरेजवाला ‘इंजिन मस्त’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायलेन्सरमधून निळा लोट. विरोधाभास वाटतो, पण आहे सरळ: सील वाल्वच्या दांडीवर असतं, दाब अडवण्याचं काम त्याचं नव्हेच. रात्रभर ऑइल दांडीवरून थेंब थेंब खाली उतरतं आणि पहिल्या मिनिटात जळतं. म्हणजे चांगलं कॉम्प्रेशन आणि सुरुवातीचाच निळा धूर या जोडीतूनच निदान होतं. खात्रीसाठी फोंड्याजवळच्या फर्मागुढीचा किंवा पणजीतल्या अल्तिनोचा उतार पुरेसा आहे: अॅक्सिलरेटरवरून पाय काढून तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, खाली येऊन जोरात दाबा, आणि मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा. दाबल्यावर निळा झपका आला तर सील. चढाला सतत निळा येत असेल तर रिंगा. सीलचं काम बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये हवा भरून हेड न उतरवता होतं, त्यामुळे तो भाव पाडण्याचा मुद्दा. रिंगांचं काम म्हणजे इंजिन खोलणं. तिथे गाडी सोडून द्यावी. त्याआधी पीसीव्ही वाल्व (इंजिनच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) तुंबलेला नाही ना आणि डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर नाही ना, एवढं बघा. निळ्या धुराची ही दोन फुकटची कारणं लोक विसरतात.

मोबाइलचा बोअरस्कोप घेताना डब्यावरचे मेगापिक्सेल वाचू नका. ५.५ मिमीचं डोकं, कडक तार, एक मीटर लांबी आणि कमी करता येणारी लाइट, एवढंच पाहा. लाइट पूर्ण ठेवली तर ओला पिस्टन आरशासारखा चमकून काहीच दिसत नाही. चार पिस्टनांपैकी एकच चकाचक धुतल्यासारखा दिसला, तर आनंद मानू नका: तिथे कूलंट शिरतंय आणि वाफेने काजळी धुतली जातेय. कडेला ओली काळी साय असेल तर ऑइल. डिझेलला हा जवळजवळ निरुपयोगी, कारण हीटर प्लगचं भोक आत अरुंद होतं, आणि जुना प्लग काढताना हेडमध्येच मोडण्याची भीती वेगळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, पर्यटकांना भाड्याने दिलेली गाडी पुढे खासगी करून विकायला आली असेल, तर मात्र प्लग काढू देण्याचा आग्रह धराच. तशी गाडी कधी तापवली गेलीय का, हे कागदांवर लिहिलेलं नसतं.

ब्लॉक टेस्टर ही काचेची नळी, निळं द्रव आणि रबरी फुगा. रेडिएटरच्या तोंडावर धरून फुगा दाबायचा. आतल्या हवेत जळालेला वायू असेल तर द्रव पिवळं होतं, म्हणजे संशय हेड गॅसकेटवर. झाकण इंजिन थंड असतानाच उघडा, मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत, थांबा. कूलंट आधी दोन इंच काढून घ्या, नाहीतर तो नळीत ओढला जातो आणि द्रव वाया जातं. दाबाची एक्स्पान्शन टाकी असलेल्या गाड्यांना तोंडाला बसणारा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि स्वस्त संचात तो बहुतेक वेळा नसतो. डिझेलमध्ये रंग पूर्ण पिवळा न होता हिरवटावर थांबू शकतो. तोही दोषच समजा. जुन्या बाटलीतलं द्रव अजून काम करतंय का, हे पाहायला थोडं वेगळं काढून त्यात नळीने श्वास सोडा. रंग बदलला नाही तर बाटली फेकून द्या.