अपिलासाठी वकील: खालच्या कोर्टातलेच ठेवावेत की हायकोर्टातले बघावेत?

निकाल विरोधात गेला की घरात वकील बदलण्याची चर्चा सुरू होते. त्याआधी निकालाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी (प्रमाणित नकलेसाठी) अर्ज टाका. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात 30 दिवस आणि हायकोर्टात 90 दिवस मिळतात. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात 60. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, पण अर्ज मुदतीच्या आत केलेला हवा.

दावा दिवाणी न्यायाधीशांकडे हरला आणि अपील जिल्हा न्यायालयात जाणार असेल, तर माझं मत जुन्या वकिलांच्या बाजूने आहे. तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो, आणि कोणता साक्षीदार उलटतपासणीत कुठे अडखळला हे त्यांना तोंडपाठ असतं. मात्र त्यांच्याच हातून एखादा महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहिला असेल, तर तो मुद्दा त्यांना दिसणं कठीण. म्हणून निकाल एकदा तिऱ्हाईत वकिलाला वाचायला द्या.

तिथेही हरून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात दुसरं अपील करायचं झालं, की गणित बदलतं. नागपुरात जिल्हा न्यायालय आणि हायकोर्ट दोन्ही सिव्हिल लाइन्स भागातच असली तरी काम निराळं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतात. शेजाऱ्याने धुरा (शेताचा बांध) सरकवला की नाही, हा वाद तिथे सहसा उकरला जात नाही. खालच्या कोर्टाने खरेदीखताचा कायदेशीर अर्थच चुकीचा लावला, असं काही दाखवावं लागतं. इथे रोज हायकोर्टात उभे राहणारेच वकील हवेत.

पारख कशी करायची? दोन्ही निकाल त्यांच्याकडे ठेवून या आणि पुढच्या भेटीत विचारा, ‘यातल्या कोणत्या परिच्छेदावर बोट ठेवणार?’ जो पान उघडून दाखवतो, त्याच्याकडे जा. पहिल्याच भेटीत ‘स्टे आणून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अपील दाखल झालं म्हणून आपोआप स्थगिती मिळत नाही, त्याचा अर्ज वेगळा असतो. त्या अर्जाची आणि अंतिम सुनावणीची फी ठरलेल्या रकमेत धरली आहे का, हे लिहून घ्या. जिंकलेल्या जमिनीत हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

पैशाची अडचण असेल तर विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वकील पॅनेलवरून नेमतात, त्यामुळे निवडीला वाव कमी. पण माणूस तुरुंगात असेल तर फी जमवण्यात मुदत घालवण्यापेक्षा हाच रस्ता धरावा.

वकील बदलताना जुन्यांची ना हरकत घ्या आणि सगळे कागद मागून घ्या. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच स्पष्ट केलं आहे.