जाहीरनाम्याचा हिशेब तज्ज्ञांकडून: डच ‘सीपीबी’च्या सेवेचं परीक्षण

राज्यकारभार तज्ज्ञांच्या हाती द्यावा की निवडून आलेल्यांच्या, या वादात बहुतेकजण एकेक टोक धरून बसतात. दोघांची कामं वेगळी करून दाखवणारी एक सेवा मात्र नेदरलँड्समध्ये १९८६ पासून सुरू आहे. निवडणुकीआधी सेंट्राल प्लानब्युरो, म्हणजे सीपीबी, पक्षांच्या जाहीरनाम्यांचा हिशेब मांडून देतं. ही सरकारी संस्था १९४५ सालची. पहिले संचालक यान टिनबर्गेन, ज्यांना पुढे १९६९ साली अर्थशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल विभागून मिळालं. पक्षांकडून फी घेत नाहीत आणि भाग घ्यायची सक्तीही नाही.

आधी सीपीबी पायाभूत अंदाज काढतं: आहे तीच धोरणं चालू राहिली तर पुढच्या चार वर्षांत तूट, बेरोजगारी आणि लोकांची क्रयशक्ती कुठे जाईल. मग पक्षांनी आपली आश्वासनं नीट फोड करून द्यायची: उपाय कोणता, कोणत्या वर्षापासून, किती युरो. ‘गरिबांना न्याय देऊ’ असल्या ओळीचा हिशेब होत नाही, त्यामुळे ती आपोआप गळते. पहिली फेरी गोपनीय असते. आकडे हाती आले की पक्ष उपाय बदलू शकतो, काढून टाकू शकतो. शेवटी सगळ्यांचे निकाल एकत्रच प्रसिद्ध होतात, म्हणजे कुणाचा आकडा आधी फुटून गाजला असं होत नाही.

सेवेचा कस लागतो तो आरोग्य विम्यात. तिथे प्रौढ विमाधारकाला वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा बराचसा उपचारखर्च आधी स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. ही रक्कम रद्द करू, असं आश्वासन मतांसाठी फार सोयीचं. पक्ष फक्त बुडणारी वसुली मोजतो. सीपीबी त्यापुढचंही मोजतं: खिशाला चाट बसत नाही म्हटल्यावर लोक जास्त तपासण्या करून घेतात, एकूण खर्च वाढतो आणि तो विम्याच्या हप्त्यातून किंवा करातून वसूल होतो. तरीही ती रद्द करायची की नाही, हे सीपीबी सांगत नाही. आजाऱ्यांवरचा भार कमी व्हावा म्हणून सगळ्यांनी थोडा जास्त हप्ता भरावा, असं म्हणणं पूर्णपणे रास्त आहे. फक्त ते किंमत सांगून म्हणायचं.

आता दोष. पहिला मोठा आहे: पक्ष सीपीबीच्या मॉडेलला, म्हणजे हिशेबाच्या गणिती साच्याला, खूश करायला शिकतात. दीर्घकालीन रोजगाराचा आकडा चांगला दिसायला हवा, तर भत्ते कापले की मॉडेलमध्ये काम शोधणारे वाढतात आणि आकडा सुधारतो. उलट चांगल्या शिक्षकाचा परिणाम दिसायला वीस वर्षं लागतात. त्यावरचा खर्च तक्त्यात बहुतांशी नुसता खर्च म्हणूनच दिसतो. जे मोजता येत नाही ते चर्चेतून बाहेर पडतं, आणि तो निर्णय कुणीच मतदान करून घेतलेला नसतो. तज्ज्ञांची सत्ता अशी मागच्या दाराने येते, हे टीकाकारांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. बरं, दशांशापर्यंतचे आकडे बघून वाचकाला वाटतं हे पक्कं भविष्य आहे.

दुसरा दोष म्हणजे तपासणीला न येणाऱ्या पक्षाला काहीच होत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांच्या पीव्हीव्हीने जाहीरनामा तपासायला दिला नव्हता. १५० पैकी ३७ जागा घेऊन तोच पक्ष पहिला आला. सक्ती करावी का? आमच्या मते नाही. मतदाराला हिशेब नको असेल तर तो त्याचा हक्क आहे.

पर्याय तपासले तर ही सेवा उजवीच ठरते. इटलीने नोव्हेंबर २०११ मध्ये मारिओ मोंटी यांच्याकडे तज्ज्ञांचंच मंत्रिमंडळ सोपवलं. महिन्याभरात निवृत्तिवेतनाची कठोर सुधारणा झाली, पण ती कुणी मत देऊन मागितली नव्हती. २०१३ च्या निवडणुकीत मोंटींच्या आघाडीला जेमतेम १० टक्के मतं पडली. दुसरं टोक ब्रिटनचं. २३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस सरकारने मोठी करकपात जाहीर केली, तीही ओबीआर या स्वतंत्र अंदाजसंस्थेचा अहवाल सोबत न देता. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले आणि पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, रोख्यांच्या खरेदीत उतरावं लागलं.

पाचपैकी चार तारे. मूळ डच अहवाल उघडलात तर पक्षांची तुलना करण्याआधी पायाभूत अंदाज वाचा, कारण प्रत्येक पक्षापुढचे बरेचसे आकडे त्यातला फरक दाखवतात. ‘तूट वाढते’ म्हणजे या अंदाजापेक्षा वाढते, आजच्यापेक्षा नव्हे. मुदतीअखेरचे आणि दीर्घकालीन असे दोन्ही रकाने बघा. बऱ्याचदा चलाखी दुसऱ्या रकान्यात असते.